मुंबईतलं ज्यू लग्न आणि कोकणातला कॅमेरा

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय लग्नाच्या फोटोंचा आहे, आणि तो तुमच्या-माझ्या घरातल्या जुन्या ट्रंकेपर्यंत येणार आहे.

ज्यू लग्न म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इंग्रजी सिनेमा येतो. काळे कोट, उंच टोप्या, नवरानवरीला खुर्चीत बसवून उचललेलं. मुंबईतलं ज्यू लग्न बघायला गेलात तर वेगळंच दिसेल. नवरीच्या हाताला मेंदी, अंगावर बऱ्याचदा पांढरी साडी, आणि पत्रिकेवर आडनाव पेणकर, रोहेकर, नाहीतर नवगावकर. मांडवात एक आजी दुसरीला विचारत असते, "अगं, जेवलीस का?" शुद्ध कोकणी वळणाच्या मराठीत.

आपल्या तालुक्यातल्या एका तरुण फोटोग्राफरला अशाच एका लग्नाचं काम मिळालं. भायखळ्याच्या बाजूला. तो मला म्हणाला, "दादा, यांच्यात नेमकं काय काय असतं? एखादा मोमेंट सुटला तर पैसे कापतील." त्याला जे सांगितलं ते वाढवून इथे लिहितोय. कारण त्या हॉलमध्ये कॅमेरा कुठे धरायचा हे कळायला आधी ही माणसं कोण हे कळावं लागतं. आणि ती कोण, तर आपलीच.

अलिबागजवळचं नवगाव. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत या किनाऱ्याला फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. जे बुडाले त्यांना नवगावातच पुरलं. आजही तिथे त्यांची दफनभूमी आहे. तारखेबद्दल इतिहासकारांचे मतभेद आहेत, ते राहू देत. नक्की काय, तर कित्येक शतकं ही माणसं अष्टागरात आणि आसपासच्या गावांत राहिली, घाण्यावर तेल काढलं, मराठी बोलली आणि गावाच्या नावाला "कर" जोडून आडनावं घेतली. शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने नाव ठेवलं, शनवार तेली. शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि "श्मा" ही प्रार्थना, एवढं त्यांनी टिकवलं. बाकीचं पुढे कोचीनच्या आणि बगदादच्या ज्यूंकडून पुन्हा शिकले.

अठराव्या शतकात बरेच जण मुंबईला गेले. कोणी कंपनी सरकारच्या पलटणीत, कोणी सुतारकामात, गवंडीकामात. त्यातलेच एक सॅम्युअल इझिकिएल दिवेकर, सामाजी हसाजी दिवेकर या नावानेही ओळखले जाणारे. ते टिपूच्या कैदेत पडले आणि सुटून आले तर देवाचं घर बांधीन असं बोलले, अशी कथा आहे. १७९६ साली त्यांनी मांडवीत मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक त्याला मशीदच म्हणत. मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरून पडलं असं मानतात. रोज लाखभर माणसं तिथे चढतात-उतरतात, कितींना माहीत असेल?

एकोणिसाव्या शतकात बगदादी ज्यू आले. डेव्हिड ससून हे त्यातलं मोठं नाव. भायखळ्याचं मागेन डेव्हिड आणि काळा घोड्याचं निळं केनेसेथ एलियाहू, ही दोन्ही सिनेगॉग ससून घराण्याची देणगी. पण इथे गंमत संपते. या श्रीमंत बगदादी मंडळींना कोकणातले तेली आपल्या बरोबरीचे वाटेनात. १८३६ साली त्यांनी सरकारकडे अर्ज केला की दफनभूमीत आमच्या आणि त्यांच्या मध्ये भिंत घालून द्या. मेल्यावरसुद्धा भिंत! आणि उगाच एकाच बाजूला दोष देऊ नये म्हणून हेही सांगतो: बेने इस्रायलांच्या आतही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता, आणि सोयरीक जुळवताना तो पाळला जाई. जातीच्या गावात दोन हजार वर्षं राहिल्यावर जात शिवणार नाही असं कसं होईल?

आता लग्नाकडे येऊ.

पहिली गोष्ट तारीख. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी काळोख पडेपर्यंत शब्बाथ. त्यात लग्न नाही आणि कॅमेराही नाही, कारण विस्तव पेटवणं, लिहिणं अशी कामं त्या दिवशी निषिद्ध. मुंबईत नोकरदारांच्या सोयीने रविवार बरा पडतो. मंगळवारही शुभ मानतात, कारण सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथेत तिसऱ्या दिवशी "चांगलं झालं" असं देव दोनदा म्हणतो.

दुसरी, आदल्या दिवसाची मेंदी. कुठलीही मराठी किंवा मुसलमान बाई या कार्यक्रमात आली तर तिला परकं वाटणार नाही. जुन्या लग्नांत नवरदेवाला फुलांचा सेहरा बांधून घोड्यावर मिरवीत. शुभकार्याच्या निमित्ताने मलिदा होतो. मलिदा म्हणजे ताटात भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं, आणि एलियाहू हनाबी म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने प्रार्थना. जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यू समाजात हा विधी या रूपात नाही. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाच्या रथाच्या खुणा कातळावर उमटल्यात अशी या समाजाची श्रद्धा आहे. म्हणजे पोहे कोकणातले, संदेष्टा बायबलातला, आणि रथ थांबला आपल्या तालुक्यात. मलिद्याचं ताट वरून टिपावं, एकच नंबर फोटो येतो.

तिसरी, खुद्द लग्न. सिनेगॉगच्या मधोमध एक उंच, कठडा असलेला चौथरा असतो. त्याला तेबा म्हणतात. फोटोग्राफर असलात तरी आत शिरताना डोक्यावर टोपी घाला, तिथेच मिळते. नवरदेव तेब्यावर उभा राहतो. दारातून नवरी येते, आणि तो तिच्यासाठी हिब्रूत गाणं म्हणतो. हा क्षण सोडायचा नाही. बिचाऱ्याचा आवाज थरथरत असतो, कारण कचेरीत काम करणाऱ्या मुलाने आठ दिवस पाठ करून आणलेलं असतं. नवरी गाण्याबरोबर हळूहळू चालते. त्या वेळी फोटोग्राफरने मध्ये उभं राहून "मॅडम, इकडे बघा" म्हणू नये.

मग द्राक्षरसाचा प्याला. पूर्वी आपल्याकडच्या घरांत मनुका भिजवून त्याचं सरबत करीत, कारण वाईन परवडणार कुठे? मग अंगठी, तीही तर्जनीत, करंगळीशेजारच्या बोटात नाही. लेन्स आधीच तिथे लावून ठेवा. मग केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, मोठ्याने वाचतात. नवऱ्याने बायकोला काय देणं लागतं, हे त्यात लिहिलेलं असतं. साक्षीदार सही करतात. सात आशीर्वाद म्हणतात. शेवटी नवरा काच फोडतो. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याची ही आठवण. आनंदाच्या भरातसुद्धा झालेलं नुकसान विसरायचं नाही.

यात सगळ्यात कमी फोटो कशाचे निघतात माहितीय? केतुब्याच्या सह्यांचे. म्हातारे साक्षीदार वाकून सही करतायत, यात ग्लॅमर काय? पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा फोटो तोच. का, ते सांगतो.

१९४८नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. इथे कोणी छळलं म्हणून नाही. धर्माच्या ओढीने गेले, पुढे नातेवाईक तिथे म्हणूनही गेले. तिथे पोचल्यावर काय झालं? १९६०च्या सुरुवातीला तिथल्या काही धर्मगुरूंनी यांची लग्नं इतर ज्यूंशी लावायला नकार दिला. शंका अशी, की इतकी शतकं हे एकटे राहिले, यांची लग्नं आणि घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले कशावरून? १९६२ साली मुख्य धर्मपीठाने आदेश काढला की बेने इस्रायल माणसाचं लग्न नोंदवण्याआधी त्याच्या आईची, आजीची, मागे जमेल तेवढी वंशावळ तपासा. विचार करा. पेणच्या किंवा रोह्याच्या घरातून गेलेल्या माणसाला तिथे विचारतात, तुझ्या पणजीचं लग्न कोणी लावलं, कागद दाखव.

ही माणसं गप्प बसली नाहीत. १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. ऑगस्टमध्ये त्यांच्या संसदेत, क्नेसेटमध्ये, हा विषय आला. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने बाजू घेतली, आणि बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत असं संसदेने म्हटलं. त्यानंतर धर्मपीठाने आदेशातून "बेने इस्रायल" हे नाव काढलं. लढाई जिंकली. पण घाव राहतोच ना?

म्हणून म्हणतो, ज्या समाजाला आपल्या आजीच्या लग्नाचा पुरावा मागितला गेला, त्या समाजाच्या लग्नात कॅमेरा घेऊन उभं राहणं म्हणजे नुसती ऑर्डर नव्हे. फोटोने कायदेशीर लग्न सिद्ध होत नाही, हे खरं. पण कोण हजर होतं, कुठल्या सिनेगॉगात, केतुबा वाचणारा कोण, हे तो सांगतो. नावं लिहिलेली असतील तर.

आपल्या देशातली स्थितीही बघा. ख्रिश्चनांच्या लग्नाचा कायदा १८७२चा, पारशांचा १९३६चा. हिंदू विवाह कायदा १९५५चा, आणि त्यात मुसलमान, ख्रिश्चन, पारशी, ज्यू वगळले असं स्पष्ट लिहिलंय. ज्यूंच्या लग्नाचा स्वतंत्र कायदा मात्र नाही. लग्न रूढीप्रमाणे लागतं, नाहीतर १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली. महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ साली. दोन हजार वर्षांचे शेजारी, आणि सरकारी रकान्यात नाव यायला एवढा वेळ!

देशात एके काळी बेने इस्रायल वीस हजारांच्या घरात होते. आज सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आसपास. त्यातले बरेच मुंबई-ठाण्यात. म्हणून मुंबईत लग्न असलं की अर्धा समाज येतो. फोटोग्राफरने एक ग्रुप फोटो नीट काढला, तर त्यात त्या शहरातला केवढा तरी समाज सापडेल. २६/११ला नरिमन हाउसवर हल्ला झाल्यापासून सिनेगॉगांबाहेर पोलीस असतात, बाहेरून फोटो काढायला हरकत घेतात. तेव्हा आतला फोटो काढायची ज्याला घरच्यांनी परवानगी दिली, त्याच्यावर जबाबदारी जास्त.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते, त्यांचे भाऊ नारायण दाजी स्वतः फोटो काढत. म्हणजे या शहरात मराठी माणसाच्या हातात कॅमेरा येऊन पावणेदोनशे वर्षं होत आली. तरी आपल्या तालुक्याच्या गावांतल्या जुन्या स्टुडिओंचं काय झालं? मालक गेले, मुलांनी मोबाइलचं दुकान टाकलं, निगेटिव्ह भंगारात. त्यांत इस्रायल आळीतली लग्नं होती. आपल्या आजोबांचीही होती.

तर विनंती अशी. पेण, अलिबाग, रेवदंडा, रोहा, पनवेल इथल्या कुणाच्या घरी शेजारच्या इस्रायल कुटुंबाचा जुना फोटो, लग्नपत्रिका, काहीही असेल तर रद्दीत देऊ नका. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा, यात कोण कोण आहे, आणि मागे पेन्सिलीने नावं लिहा. बॉलपेन नको, उमटतं. फोटोची साधी प्रत मोबाइलवर काढून ठेवा. इस्रायलहून नातवंडं आपलं गाव शोधत येतात, इस्रायल आळी कुठे म्हणून विचारतात. त्यांच्या हातात देण्यासारखं आपल्याकडे काहीतरी असू दे.

आणि जे पोरगे लग्नाचे फोटो काढतात त्यांना एवढंच: ड्रोन उडवा, रील करा, पोटापाण्याचं आहे. पण सहीचा फोटो काढा, म्हाताऱ्यांचा काढा, आणि अल्बमसोबत नावांची यादी द्या. लग्न कुणाचंही असो.