प्रतिपिंडांचे वैविध्य आणि त्याचे मोल

शरीरातील प्रत्येक पेशीत जनुकांचा वारसा एकसारखाच असतो, हे मी याच शाळेत शिकलो. मग मोजक्या जनुकांतून असंख्य प्रकारची प्रतिपिंडे कशी घडतात? १९६५ साली ड्रेयर आणि बेनेट यांनी सुचविले, की प्रतिपिंडाची एक साखळी दोन जनुकांच्या जोडणीतून निपजत असावी. ती कल्पना अनेकांना धाडसी वाटली. १९७६ साली बाझेल येथे होझुमी व तोनेगावा यांनी उंदराच्या भ्रूणातील आणि प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या अर्बुदपेशींतील डीएनए ताडून पाहिले. भ्रूणात दूर असलेले तुकडे अर्बुदपेशींत एकत्र आले होते! तोनेगावांना १९८७ चे नोबेल पारितोषिक लाभले.

परंतु कापणारा हात चुकूही शकतो. १९८२ साली बर्किट अर्बुदात ‘मिक’ हे जनुक आपली जागा सोडून प्रतिपिंडांच्या जनुकांशेजारी गेलेले आढळले. पुढे १९९९ साली होंजो यांच्या प्रयोगशाळेने ‘एड’ हे विकर उजेडात आणले. ते प्रतिपिंडांच्या जनुकांत बदल घडविते आणि क्वचित भलतीकडेही घाव घालते. तरीही जन्मतः ज्यांच्यात ते कार्यक्षम नसते, त्यांना वारंवार जंतुसंसर्ग होतो.

शाळेत शिकलेला नियम मी पुसत नाही. त्यापुढे एवढेच लिहितो, की आपल्या रक्षणासाठी शरीर स्वतःचीच पोथी उसवते, पुन्हा शिवते, आणि त्या धाडसाचे मोल कधी कधी कर्करोगाने चुकविते.