दंड न भरल्याबद्दलची कैद

न्यायालयाने ठोठावलेला द्रव्यदंड आरोपीने भरला नाही, तर त्याला भोगावी लागणारी जादा कैद. ‘दंड न भरल्यास आणखी तीन महिने साधी कैद’ हे निकालपत्रातले नेहमीचे वाक्य तिच्याबद्दलच असते. ही कैद मूळ गुन्ह्याची शिक्षा नव्हे, दंड न भरल्याचा तो परिणाम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने शांतीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२००७) या निकालात स्पष्ट केले. म्हणूनच ती मूळ शिक्षा संपल्यावर वेगळी भोगावी लागते. खटला चालू असताना कोठडीत काढलेले दिवस तिच्यातून वजा होत नाहीत. दंड अनेक असतील तर अशा कैदा एकत्रही भोगता येत नाहीत, हे महाराष्ट्रातल्या एका मोक्का खटल्यात २०१८ साली ठरले.

१ जुलै २०२४ पासून हा विषय भारतीय न्याय संहितेच्या कलम ८ मध्ये येतो. ज्या गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही आहेत, त्यात ही कैद कमाल शिक्षेच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त देता येत नाही. चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे दंड न भरल्याबद्दल फार तर नऊ महिने. गुन्ह्याला फक्त दंडच असेल तर कैद साधीच असते: ५,००० रुपयांपर्यंतच्या दंडाला दोन महिने, १०,००० पर्यंत चार महिने, त्यापुढे एक वर्ष. १८६० च्या दंडसंहितेत या मर्यादा ५० आणि १०० रुपयांच्या होत्या आणि शेवटपर्यंत तशाच राहिल्या. पन्नास रुपयांची किंमत कुठल्या कुठे गेली, कायद्यातला आकडा मात्र हलला नाही. हा बदल फार उशिरा झाला.

पैसे भरताच कैद संपते. काही भाग भरला तर त्या प्रमाणात ती घटते. ८,००० रुपये दंड आणि तो न भरल्यास चार महिने कैद असेल, आणि पहिल्या महिन्यात ६,००० भरले, तर महिना संपताच सुटका होते. फक्त दंडाचीच शिक्षा असेल तर न्यायालय तीस दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते देऊ शकते. ही सवलत मागावी लागते, आणि अनेकांना ती ठाऊकच नसते.

तुरुंगात जाऊन आले की दंड फिटला, हा समज पुरता खरा नाही. न्यायालय जंगम मालमत्तेवर जप्ती वॉरंट काढू शकते किंवा जिल्हाधिकाऱ्यांना जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करण्यास सांगू शकते. तेव्हा घर-जमीनही सुटत नाही. वसुलीची मुदत साधारण सहा वर्षांची असते, आणि दंड झालेली व्यक्ती वारली तरी तिच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवरची जबाबदारी संपत नाही. मात्र पूर्ण कैद भोगून झाली असेल, तर लेखी विशेष कारणे दिल्याशिवाय असे वॉरंट निघत नाही. दंडातून पीडिताला भरपाई द्यायची असेल, तर ही अट आड येत नाही.

ऐपत असलेला दंड भरून त्याच दिवशी घरी जातो. मजुरी करणारा त्याच रकमेपायी महिनोन्‌महिने आत राहतो. या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे. गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये योजना आणली. तिच्यात जिल्हा पातळीवरील समिती २५,००० रुपयांपर्यंतचा दंड भरू शकते; अमली पदार्थ, भ्रष्टाचार, दहशतवाद यांसारखे गुन्हे वगळले आहेत. घरातले कोणी केवळ दंडासाठी अडकले असेल, तर तुरुंग अधीक्षकांकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. कोठडीतल्या व्यक्तीला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.