त्रैक्य म्हणजे काय? बायबलमध्ये त्याला आधार कोणता?

ख्रिश्चन शेजारी किंवा ऑफिसमधल्या सहकाऱ्यांशी बोलताना हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांचा विषय निघाला की चर्चा हमखास 'त्रैक्या'वर येते. आपल्यातले काही जण पटकन म्हणून टाकतात, "तुम्ही तर तीन देव मानता." समोरचा ते नाकारतो आणि बोलणं तिथंच तुटतं. म्हणून त्यांचं नेमकं म्हणणं आधी समजून घेऊ या.

श्रद्धा काय आहे?

चर्चच्या शिकवणीनुसार देव एकच आहे. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन 'व्यक्तीं'च्या रूपात. तिघं वेगळे, तरी ईश्वरी तत्त्व एकच. हजरत मरियम (अलैहस्सलाम) यांचा या तिघांत समावेश नाही. यहोवाचे साक्षीदार यांच्यासारखे काही गट त्रैक्य मानत नाहीत.

कोणती वचनं दाखवतात?

'त्रैक्य' हा शब्द बायबलमध्ये कुठेच नाही. ख्रिश्चन अभ्यासकही हे मान्य करतात. मात्र सिद्धांताचा आशय बायबलमध्येच आहे, असं त्यांचं म्हणणं. मत्तय २८:१९ मध्ये तिघांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची आज्ञा आहे. २ करिंथ १३:१४ मध्ये तिघांचा एकत्र उल्लेख येतो. योहान १:१ आणि २०:२८ हीसुद्धा नेहमी दिली जाणारी वचनं.

दुसऱ्या बाजूला मार्क १२:२९ मध्ये ईसा (अ.) देव एकच असल्याची आज्ञा सर्वांत पहिली म्हणून सांगतात. योहान १७:३ मध्ये ते पित्याला एकमेव खरा देव म्हणतात, तर १४:२८ मध्ये पिता आपल्याहून थोर असल्याचं सांगतात. यावर ख्रिश्चनांचं उत्तर असं की हे ते मानवी रूपात बोलले.

सिद्धांत कसा ठरला?

अलेक्झांड्रियाचा पाद्री एरियस पुत्राला देवाने निर्माण केलं, असं शिकवत होता. त्यावर मोठा वाद पेटला. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२५ मध्ये नायसिया (आजच्या तुर्कीतील इझनिक) इथं धर्मगुरूंची परिषद बोलावली. तिनं एरियसचं मत फेटाळलं. इ.स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेत पवित्र आत्म्याचं स्थानही पक्कं झालं.

१ योहान ५:७ चा वाद

पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघं एकच आहेत, असं थेट सांगणारं वाक्य या ठिकाणी काही जुन्या भाषांतरांत आढळतं. पण प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. इरॅस्मस या विद्वानानं आपल्या छापील ग्रीक नव्या कराराच्या १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं. टीका झाल्यावर १५२२ मध्ये घातलं. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ते आलं. आजची बहुतेक भाषांतरं ते वगळतात किंवा तळटीपेत देतात.

आपली भूमिका

कुरआन त्रैक्य स्पष्टपणे नाकारतो (सूरह निसा १७१, सूरह माइदा ७३) आणि सूरह इख्लास तौहीदचं सार सांगते. ईसा (अ.) हे अल्लाहचे बंदे आणि रसूल आहेत, यात आपल्याला तडजोड नाही. पण अहले किताबशी उत्तम पद्धतीनंच चर्चा करा, असाही हुकूम आहे (सूरह अन्कबूत ४६). त्यामुळे त्यांनी न मानलेली गोष्ट त्यांच्यावर लादू नये. १ योहान ५:७ गळून पडलं म्हणजे त्यांचा सगळा युक्तिवाद संपला, असंही समजू नये. त्यांची भिस्त बाकीच्या वचनांवर आहे. मुलांना दोन्ही बाजू नीट सांगितल्या, तर ती आपला अकीदा ठामपणे आणि अदबीनं मांडू शकतील.