डिस्क गोल्फच्या कोर्सची कुळकथा

डिस्क गोल्फ म्हणजे तबकडीने खेळायचा गोल्फ. चेंडूच्या जागी प्लास्टिकची तबकडी, खड्ड्याच्या जागी खांबावर बसवलेली साखळ्यांची टोपली. पहिली फेक ‘टी’वरून, पुढची तबकडी पडेल तिथून, कमीत कमी फेकींत टोपली गाठेल तो जिंकला. गोल्फच्या १८ होलांना शंभर-दीडशे एकर लागतात. तबकडीचा ९ होलांचा कोर्स पाच-दहा एकरांत, झाडाझुडपांसकट बसतो. झाडे तर हवीतच, कारण अडथळे तीच पुरवतात. महाविद्यालयांच्या आवारांशी या खेळाचे जमले ते यामुळे.

सर्वांत जुनी नोंद मात्र शाळेची आहे. १९२६ साली कॅनडातल्या ब्लॅडवर्थ गावच्या पोरांनी शाळेच्या आवारात रेताड जागी चार फुटी वर्तुळे आखली आणि डब्यांची पत्र्याची झाकणे भिरकावून त्यांत पाडायचा खेळ मांडला. पोरे मोठी होऊन पांगली, खेळही मोडला.

पुन्हा सुरुवात झाली ती प्लास्टिकच्या तबकडीमुळे. वॉल्टर मॉरिसन हा कॅलिफोर्नियातला गृहस्थ समुद्रकाठी केक भाजायची ताटलीच उडवून विकत असे. पुढे त्याने प्लास्टिकची तबकडी घडवली, आणि १९५७ मध्ये व्हॅम-ओ या खेळणी कंपनीने ती घेऊन ‘फ्रिस्बी’ नावाने घरोघरी पोचवली. १९६४ च्या सुमारास ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात विद्यार्थी झाडांना लक्ष्य करून स्पर्धा खेळू लागले. ऑगस्टा शहरातल्या एका उद्यानात कचऱ्याची पिंपे लक्ष्य झाली. खर्च शून्य. अडचण एकच: तबकडी झाडाला खरेच लागली की नुसती चाटून गेली, हे कोणी ठरवायचे?

हा तंटा मिटवला एड हेड्रिकने. तो व्हॅम-ओचाच माणूस. तबकडीच्या पाठीवर कंगोरे घालून तिची झेप स्थिर केल्याबद्दल १९६७ मध्ये त्याला पेटंट मिळाले होते. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्याने पहिला कायमचा कोर्स आखला, तोही आधी नुसत्या खांबांचा. टोपली त्यानंतरची, तिचे पेटंट १९७७ चे. दरम्यान १९७६ मध्ये त्याने खेळाडूंची संघटनाही काढली होती. हेड्रिक २००२ मध्ये वारला, तेव्हा त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून तबकड्या काढण्यात आल्या. वेड असावे तर असे.

टोपलीची करामत साखळ्यांत आहे. वरच्या कड्यापासून खांबाकडे त्या सैल सोडलेल्या असतात. वेगाने आलेली तबकडी सरळ लोखंडावर आदळली तर उसळून बाहेर जाईल; सैल साखळ्या मागे सरकत तिचा जोर खातात आणि ती खालच्या जाळीत पडते. खळ्ळकन आवाज होतो, वाद उरत नाही. टोपलीपासून १० मीटरच्या आत फेकताना तोल सावरण्याआधी पुढे पाऊल टाकायचे नाही, एवढा एक कडक नियम आहे.

पुढे हा खेळ पसरला तो बहुतांशी हौशी खेळाडूंच्या श्रमदानावर. झुडपे तोडणे, टी बांधणे, टोपल्या गाडणे ही कामे अमेरिकेत कितीतरी ठिकाणी तेच करतात. आपल्याकडच्या महाविद्यालयांत अशा कामाची घडी राष्ट्रीय सेवा योजनेने १९६९ पासून बसवून दिलेली आहे: स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास आणि शिवाय सात दिवसांचे निवासी शिबिर.

वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी असा कोर्स आखायचा तर पहिला विचार मातीचा करावा लागेल. इथली काळी जमीन पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून टीखाली मुरूम दाबून भरणे आणि खांबाला खोल काँक्रीट देणे आलेच, नाहीतर टोपली कलते. टोपली गावातला वेल्डरही करील: पाइप, सळया, साखळी, वर सायकलची रिम. तबकडीचे वजन २०० ग्रॅमपर्यंत असते आणि तिची कड लागते, तेव्हा फेकीची दिशा वर्गखोल्या आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठेवावी. पहिल्या वर्षी खांब पुरूच नयेत. झाडांना रंगीत फडकी बांधून खेळावे, आणि ज्या जागा खेळून पटतील तिथेच खड्डे खणावेत.