मांडूळ ते परदेशी पोपट : जगाचा करार आपल्या गावात कायदा कसा होतो?

अंबाजोगाई : मांडूळ, म्हणजे आपला दुतोंड्या. 'गुप्तधन दाखवतो, कोटीला जातो' या थापांना भुलून त्याच्या खरेदी-विक्रीत पडलेले लोक थेट कोठडीत जातात. खरं तर हा बिनविषारी साप शेतातले उंदीर खातो. आपल्या कायद्याने त्याला संरक्षण आहेच, शिवाय त्याचं नाव 'साइट्स' या जागतिक कराराच्या यादीतही आहे.

काय आहे हा करार?
वन्य प्राणी व वनस्पतींच्या देशोदेशीच्या व्यापारावर तो नियंत्रण ठेवतो. ३ मार्च १९७३ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यावर सह्या झाल्या. भारत १९७६ मध्ये सहभागी झाला.

सही केली की झालं का?
नाही. करार सरकारला बांधतो, पण तस्कराला शिक्षा देशाच्या कायद्यानेच होते. म्हणून प्रत्येक देशाने चार गोष्टी करायच्या असतात : परवाने देणारी यंत्रणा नेमणे, बेकायदा व्यापारावर बंदी, शिक्षेची तरतूद आणि माल जप्तीचा अधिकार. अमेरिकेने १९७३ मध्येच तसा कायदा केला. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम २५३ नुसार करार राबवण्यासाठी संसद कायदा करू शकते.

भारतात काय बदललं?
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भर देशी प्राण्यांवर होता. परदेशी प्राण्यांची आयात-निर्यात कस्टम आणि परदेश व्यापाराच्या कायद्याखाली यायची. प्राणी एकदा देशात शिरला की वन विभागाचे हात तोकडे पडत. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने दुरुस्ती मंजूर केली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सहा अनुसूचींच्या चार झाल्या. चौथी खास 'साइट्स'मधील प्राणी-वनस्पतींसाठी आहे.

आपण काय लक्षात ठेवायचं?
• मोर, मांडूळ, साधा हिरवा पोपट हे देशी वन्यजीव. त्यांना पकडणं, पिंजऱ्यात ठेवणं, विकणं गुन्हा आहे.
• आफ्रिकन ग्रे पोपटासारखा चौथ्या अनुसूचीतला परदेशी पक्षी घरी असेल तर 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी लागते. नुसती दुकानाची पावती चालत नाही.
• मोर पहिल्या अनुसूचीत आहे. पाटोदा तालुक्यातल्या नायगावला त्याच्यासाठी अभयारण्यच आहे. या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केल्यास ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होतो.

मांडूळ दिसला तर हात लावू नका, जाऊ द्या. कोणी सौदा घेऊन आला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.