चार पंखांची माशी: शरीररचनेच्या विविधतेमागील जनुकांचा इतिहास

प्राण्यांची शरीरे इतकी निरनिराळी आहेत, तेव्हा ती घडवणारी जनुकेही निरनिराळी असणार, असे आपल्याला सहज वाटते. एकेकाळी जीवशास्त्रज्ञांचेही असेच मत होते. दूरच्या नात्यातील प्राण्यांमध्ये समान जनुके शोधणे व्यर्थ आहे, असे अर्न्स्ट मायर यांनी १९६३ मध्ये लिहिले होते. हा समज कसा मोडला, ते या टिपणात पाहू.

एका अवयवाच्या जागी दुसराच अवयव उगवल्याची अनेक उदाहरणे विल्यम बेटसन यांनी १८९४ मध्ये नोंदवली आणि या प्रकाराला ‘होमिओसिस’ असे नाव दिले. १९१५ मध्ये कॅल्विन ब्रिजेस यांना फळमाशीत असेच एक उत्परिवर्तन आढळले. फळमाशीला पंखांची एकच जोडी असते. त्यामागे उडताना तोल सांभाळणारे दोन छोटे अवयव असतात. या माशीत त्यांचा काही भाग पंखासारखा झाला होता. कॅलटेकमधील एडवर्ड लुइस यांनी हा धागा पकडून अनेक दशके काम केले. अशी उत्परिवर्तने एकत्र आणून त्यांनी चक्क चार पंखांची माशी तयार केली. शरीराच्या खंडांचा जो क्रम, साधारण तोच क्रम या जनुकांचा गुणसूत्रावर असतो, हेही त्यांनी १९७८ च्या शोधनिबंधात मांडले.

पुढे १९८३-८४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल आणि अमेरिकेतील इंडियाना येथील संशोधकांना या जनुकांत सुमारे १८० अक्षरांचा एक समान तुकडा सापडला. तोच ‘होमिओबॉक्स’. त्यापासून बनणारा प्रथिनाचा भाग डीएनएला चिकटतो आणि इतर जनुके चालू किंवा बंद करण्यास मदत करतो. लवकरच हा तुकडा बेडूक, उंदीर आणि माणसातही मिळाला. १९९५ मध्ये तर उंदराचे डोळ्याचे जनुक वापरून माशीच्या पायावर डोळा उगवला. पण तो डोळा माशीचाच होता! त्याच वर्षी लुइस यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मग विविधता आली कुठून? एक कारण म्हणजे जनुकांच्या प्रती वाढणे. फळमाशीत हॉक्स जनुके ८ आहेत, तर माणसात चार गटांत मिळून ३९. दुसरे कारण नियमनातील बदल. माशीत मागचा पंख दाबून टाकणारे अल्ट्राबायथोरॅक्स हे जनुक फुलपाखराच्या मागच्या पंखातही सक्रिय असते, तरीही तिथे पूर्ण पंख वाढतो. कारण त्याच्या हुकमाखाली असलेली जनुके वेगळा प्रतिसाद देतात. पुण्याच्या आयसर संस्थेतही या जनुकाची कीटकांमध्ये तुलना करण्याचे काम झाले आहे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे लगेच पटेल: सुटे भाग तेच, जोडणी वेगळी. फरक एवढाच, की इथे आराखडा काढणारा कोणी अभियंता नव्हता. यादृच्छिक बदल आणि नैसर्गिक निवड यांतूनच ही जोडणी बदलत गेली.