बार्मेन घोषणापत्र
नाझी राजवटीच्या काळात जर्मनीतील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती प्रतिनिधींनी बार्मेन (वुपर्टाल शहराचा एक भाग) येथे २९ ते ३१ मे १९३४ या दिवसांत भरलेल्या धर्मसभेत संमत केलेले सहा कलमी श्रद्धानिवेदन. ख्रिस्तावरील श्रद्धा व राज्यसंस्थेवरील निष्ठा यांच्या परस्परसंबंधाविषयी आधुनिक काळात झालेल्या विवेचनात त्यास महत्त्वाचे स्थान आहे.

हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. कराविषयी विचारले असता येशूने कैसराचे देणे आणि देवाचे देणे यांत भेद केला. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहण्याचा उपदेश केला. तर ‘प्रकटीकरण’ या ग्रंथात उन्मत्त सत्तेचे चित्र श्वापदाच्या रूपाने रेखाटलेले आढळते. जर्मनीत धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट चर्चचे प्रमुखपद त्या त्या प्रदेशाच्या राजाकडे आले व ही व्यवस्था १९१८ मध्ये राजेशाही संपुष्टात येईपर्यंत टिकली. त्यामुळे राजनिष्ठा हा धर्मनिष्ठेचाच भाग होय, असा संस्कार धर्मोपदेशकांवर पिढ्यान्‌पिढ्या झाला होता. १९१९ च्या संविधानाने राज्याचे अधिकृत चर्च असणार नाही, असे ठरविले. हे प्रजासत्ताक त्यांच्यापैकी अनेकांना परके वाटले व ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चान्सलर झाला, तेव्हा त्यांनी त्याचे स्वागतच केले.

‘जर्मन ख्रिस्ती’ या नावाचा नाझीधार्जिणा गट १९३२ मध्ये स्थापन झाला होता. वंश, राष्ट्र व नेता यांतूनही ईश्वरी संकेत प्रकट होतो, असे त्याचे प्रतिपादन होते. जुलै १९३३ मधील चर्चच्या निवडणुकांत या गटास मोठे बहुमत मिळाले व सप्टेंबरमध्ये लूटव्हिख म्यूलर हा राष्ट्रीय बिशप झाला. त्याच महिन्यात प्रशियाच्या धर्मसभेने ज्यू वंशाच्या व्यक्तींना चर्चच्या सेवेतून वगळणारे ‘आर्य कलम’ स्वीकारले. त्याच्या विरोधात मार्टिन नीमलर (१८९२–१९८४) याने धर्मोपदेशकांचा आपत्कालीन संघ स्थापन केला. नोव्हेंबर १९३३ मध्ये बर्लिनच्या एका प्रचंड सभेत ‘जर्मन ख्रिस्ती’ गटाच्या वक्त्याने बायबलमधून जुना करार काढून टाकण्याची मागणी केली, तेव्हा विरोधाची धार वाढली. या विरोधकांच्या संघटनेस पुढे ‘श्रद्धानिष्ठ चर्च’ हे नाव मिळाले.

बार्मेनच्या सभेस ल्यूथरपंथी, रिफॉर्म्ड आणि संयुक्त अशा तिन्ही परंपरांचे १३९ प्रतिनिधी उपस्थित होते. निवेदनाचा मसुदा मुख्यतः स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्ट (१८८६–१९६८) याचा होता. येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द असून अन्य घटना, सत्ता वा व्यक्ती यांस ईश्वरी प्रकटीकरणाचा दर्जा देता येत नाही, असे पहिले कलम सांगते. पाचवे कलम राज्यसंस्थेविषयी आहे. न्याय व शांतता राखणे हे राज्याचे ईश्वरनियुक्त कार्य असल्याचे ते मान्य करते. मात्र राज्याने मानवी जीवनाची सर्वंकष व्यवस्था बनू नये आणि चर्चनेही राज्याचे अंग बनू नये, असे बजावते. म्हणजे येथे राजनिष्ठा नाकारलेली नाही; तिची सीमा तेवढी आखलेली आहे.

ही सीमा प्रत्यक्षात पाळणे कठीण ठरले. हिटलरशी एकनिष्ठ राहण्याची शपथ बिनशर्त घेण्यास नकार दिल्यामुळे बार्टला बॉन विद्यापीठातील अध्यापकपद गमवावे लागले व १९३५ मध्ये तो बाझेलला परतला. १९३८ मध्ये प्रशियाच्या चर्च-प्रशासनाने हीच शपथ धर्मोपदेशकांवर लादली, तेव्हा श्रद्धानिष्ठ चर्चमधील अनेकांसह बहुसंख्यांनी ती घेतली. अशी शपथ राज्याला आवश्यक वाटत नसून ती चर्चची अंतर्गत बाब आहे, असा नाझी पक्षाचा खुलासा त्यानंतर उघड झाला. नीमलरला जुलै १९३७ मध्ये अटक झाली व १९४५ पर्यंत तो बंदिवासात होता. तरीही युद्ध सुरू होताच त्याने तुरुंगातून नौदलात सेवा करण्याची तयारी दर्शविली. श्रद्धा व देशनिष्ठा यांचा पीळ किती घट्ट होता, हे यावरून दिसते.

घोषणापत्रातील मोठी उणीव म्हणजे त्यात ज्यूंच्या छळाचा उल्लेख नाही. चर्चच्या स्वातंत्र्याचे रक्षण हा त्याचा मुख्य हेतू होता. पीडित शेजाऱ्याचा प्रश्न डीट्रिख बोनहोफर (१९०६–४५) याने एप्रिल १९३३ मध्येच उपस्थित केला होता. राजवटविरोधी कटातील सहभागामुळे त्याला ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी देण्यात आली. मे १९३६ मध्ये श्रद्धानिष्ठ चर्चने हिटलरला पाठविलेल्या निवेदनात ज्यूद्वेष व छळछावण्या यांचा निषेध होता. या प्रकरणी पकडलेला ज्यू वंशाचा विधिज्ञ फ्रीड्रिख वाइसलर १९३७ मध्ये छळछावणीत मारला गेला. ज्यूंचा प्रश्न आपण निर्णायक मानला नाही, ही स्वतःची चूक बार्टने १९६७ मध्ये मान्य केली.

ऑक्टोबर १९४५ मध्ये श्टुटगार्ट येथे जर्मन प्रॉटेस्टंट नेत्यांनी चर्चच्या दोषाची जाहीर कबुली दिली. दक्षिण आफ्रिकेतील वर्णविद्वेषाविरुद्धच्या बेलहार श्रद्धानिवेदनावर (मसुदा १९८२, स्वीकृती १९८६) बार्मेनचा प्रभाव आहे. मात्र त्यात अन्यायपीडितांच्या बाजूने उभे राहणे हे चर्चचे कर्तव्य म्हणून स्पष्टपणे नोंदविले आहे. बार्मेनने आखलेली राजनिष्ठेची सीमा चर्चच्या दारापाशी थांबली होती. ती दाराबाहेरच्या माणसापर्यंत नेण्याचे कार्य पुढील पिढीला करावे लागले.